स्लॅबचा माल नीट बसवा : नीडल व्हायब्रेटरची निवड आणि सुरक्षित वापर



गळीत हंगाम संपला, उसाचे बिल हाती पडले, की आपल्या भागात बांधकामाला सुरुवात होते. कोणाचे घर, कोणाचा गोठा, कोणाच्या विहिरीचे बांधकाम, तर कोणाची पाण्याची टाकी. तोडीला गेलेली मंडळी परत आलेली असतात, गवंडी-बिगारी मिळतात, आणि मृगाच्या आत स्लॅब पडावा म्हणून सगळ्यांचीच घाई चालते. दीड-दोन वर्षांच्या उसाचा पैसा एका दिवसात, एका स्लॅबमध्ये ओतला जातो. म्हणून त्या एका दिवसाबद्दल चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

निमित्त घडले ते लिंबागणेशचे. तिथल्या एका सभासदाने आम्हाला मुद्दाम घर पाहायला बोलावले. घर टुमदार, रंग ताजा. पण पडवीच्या बीमचा गिलावा खालून फुगून पडला होता आणि आतली सळई गंजून तांबडी झालेली स्पष्ट दिसत होती. घर बांधून जेमतेम चार पावसाळे झालेले. सिमेंट चांगले होते, सळई चांगली होती, पैसाही हात राखून खर्च केला नव्हता. मग चुकले कुठे? ते म्हणाले, "स्लॅबच्या दिवशी निम्मं काम झालं अन् व्हायब्रेटर बंद पडला. ठेकेदार म्हणाला, काही होत नाही, सळईनं कोचून घेऊ. सेंट्रिंग काढलं तेव्हा बीमच्या बुडाला मधाच्या पोळ्यावानी भोकं दिसली. त्यानं दुपारच्याला गिलावा मारून झाकून टाकली."

पोळे झाकले गेले, पण आतली पोकळी तशीच राहिली. त्या वाटेने पावसाचे पाणी आणि हवा सळईपर्यंत गेली. सळई गंजली की फुगते आणि फुगली की काँक्रिट फोडते. ही गोष्ट एकट्या लिंबागणेशची नाही. गावोगाव फिरताना आम्हाला अशी घरे दिसतात.

माप हलवून भरावे लागते

धान्य मापताना पायली नुसती ओतून भरली आणि हलवून, आपटून भरली, यात किती फरक पडतो हे आपल्या घरातल्या बायामाणसांना सांगावे लागत नाही. हलवले की दाण्यादाण्यांमधली पोकळी निघून जाते आणि माप खाली बसते. काँक्रिटचेही तसेच आहे. मिक्सरमधून घमेल्याने आणून टाकलेल्या मालात हवा कोंडलेली असते. माल किती सैल किंवा घट्ट आहे त्यावर ती अवलंबून असते, पण साधारण ५ ते २० टक्के जागा हवेचीच असते.

२० फूट बाय ३० फुटांचा ५ इंच जाडीचा स्लॅब धरा. त्याला २५० घनफूट काँक्रिट लागते. त्यात १० टक्के हवा राहिली तर २५ घनफूट पोकळी तुम्ही डोक्यावर घेऊन झोपता. नुसती ५ टक्के पोकळी राहिली तरी काँक्रिटची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणजे गोण्या दहा टाकल्या आणि उपयोग सातांचाच झाला.

पूर्वी माल सळईने कोचून, धुमसाने ठोकून बसवत. फ्रान्सचे अभियंता युजेन फ्रेसिने यांच्यासारख्यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत यंत्राने माल हलवून बसवण्याची रीत पुढे आणली. आज तेच यंत्र आपल्या गावात भाड्याने मिळते. कामावर त्याला 'नीडल' म्हणतात.

मराठवाड्याला या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे गाडली गेली. ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड धाब्याखाली. तेव्हापासून आपला माणूस सळई-सिमेंटच्या घरावर भरवसा टाकू लागला. पण तो भरवसा सार्थ ठरायचा तर कॉलम आणि बीम आतून भरीव हवेत. पोकळ कॉलमवरचा स्लॅब हे धाब्याइतकेच मोठे ओझे आहे.

नीडल काम कशी करते

नीडल म्हणजे जाड पोलादी नळी. तिच्या आत एका बाजूला जड असलेला दांडा वेगाने फिरतो. चाक एका बाजूला जड असले की गाडी कशी धडधडते, तसाच हा प्रकार, फक्त मुद्दाम केलेला. ही धडधड मिनिटाला साधारण ९ ते १२ हजार वेळा होते. त्यामुळे नीडलच्या भोवतीचा माल काही क्षण पाण्यासारखा पातळ होतो, खडी खाली बसते, हवा बुडबुड्यांनी वर येते आणि सिमेंटची लापशी सळईला सगळीकडून लपेटते. नीडल काढली की माल पुन्हा घट्ट होतो.

इंजिन किंवा मोटर वेगळी असते. तिच्यातून लवचिक शाफ्टमार्फत फेरे नीडलपर्यंत जातात. शाफ्टवर रबराचे आवरण असते आणि कामगाराने धरायचे ते हेच, नीडल नव्हे.

कोणती नीडल घ्यावी

नीडल जाडीवर ओळखली जाते. बाजारात २५, ४०, ६० मिलिमीटर अशा येतात. जितकी जाड नीडल, तितका तिचा पल्ला मोठा. पण सळयांच्या जाळ्यातून ती सहज गेली पाहिजे, हा पहिला नियम.

घराच्या कॉलमसाठी, दाट सळयांच्या बीमसाठी आणि पातळ स्लॅबसाठी २५ ची. मोकळ्या बीमसाठी, ५-६ इंची स्लॅबसाठी आणि विहिरीच्या रिंगसाठी ४० ची. पायाच्या मोठ्या फुटिंगसाठी ६० ची. सर्वसाधारण घराला २५ आणि ४० अशा दोन नीडल असल्या की काम भागते. एकच ४० ची आणून ती कॉलमच्या रिंगांत अडकवत बसणे, हे आम्ही नेहमी पाहतो.

चालवायला काय हवे? विजेची मोटर आवाज कमी करते, धूर करत नाही आणि वजनाला हलकी असते. पण शेतीच्या फीडरवरची वीज ठराविक तासच असते आणि स्लॅब वीज येण्याची वाट पाहत नाही. म्हणून घरापासून लांब, रानात काम असेल तर पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन बरे. गावठाणात सिंगल फेजची मोटर चालते. तीन फेजची मोटर आणली आणि घरी सिंगल फेज असली, तर सकाळी सात वाजता दहा माणसे हात जोडून उभी राहतात. हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

विकत घ्यावे का? एका घरासाठी मुळीच नको. भाड्याने घ्या. पण दोन संच मागा किंवा निदान एक जास्तीची नीडल आणि शाफ्ट मागा. लिंबागणेशच्या त्या घरात जास्तीची एक नीडल हाताशी असती, तर आज गिलावा पडला नसता. एका दिवसाचे जादा भाडे हे एका बीमच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. गावात चार-पाच जणांचे बांधकाम एकदमच निघाले असेल, तर मिळून भाड्याने आणा.

आदल्या संध्याकाळी पाहण्याच्या गोष्टी

यंत्र स्लॅबच्या सकाळी नव्हे, आदल्या संध्याकाळी आणून चालवून पाहा. नीडलचे टोक घट्ट बसलेले हवे, तिथून तेल गळू नये. शाफ्टचे रबर फाटलेले, पिळलेले नको. नीडल पाण्याच्या बादलीत बुडवून चालवा. हवेत ती फार वेळ चालवू नका. काँक्रिट किंवा पाणीच तिला थंड ठेवते, कोरडी चालली की तापते आणि आतले बेअरिंग जाते. काही नीडल सुरुवातीला नुसत्या गुणगुणतात, धडधडत नाहीत. त्यांना लाकडाच्या फळीवर हलकेच टेकवले की सुरू होतात. लोखंडावर आपटू नका.

सेंट्रिंगही तपासा. नीडल चालली की माल पातळ होतो आणि फळ्यांवरचा दाब वाढतो. फटी असतील तर लापशी गळून जाते आणि तिथेच पोळे पडते. बल्ल्या मोकळ्या मुरमावर नुसत्या उभ्या नकोत, खाली फळी हवी. काम चालू असताना एक जाणता माणूस सेंट्रिंगवर नजर ठेवायला बाजूला ठेवा. आणि बाकी कोणीही, विशेषतः पोरेबाळे, स्लॅबखाली सावलीला बसणार नाहीत हे पाहा.

माल कसा बसवावा

१. नीडल सरळ उभी घाला आणि झटकन घाला. पातळ स्लॅबमध्ये उभी मावत नाही, तिथे तिरपी घाला.

२. एका जागी ५ ते १५ सेकंद पुरतात. घड्याळ पाहण्यापेक्षा माल पाहा. मोठे बुडबुडे येणे थांबले, खडी आत बसली, वर ओलसर चकाकी आली आणि यंत्राचा आवाज एकसारखा झाला, की तिथले काम झाले.

३. काढताना सावकाश काढा, सेकंदाला तीन बोटांएवढी. झटकन ओढली तर मागे भोक राहते.

४. पुढची जागा किती अंतरावर? ४० च्या नीडलला साधारण एक वीत ते १० इंच, २५ च्या नीडलला ५ ते ७ इंच. एका जागेचा परिणाम दुसरीला थोडा भिडला पाहिजे. पाभरीने पेरताना तास सोडत नाही, तसे जागा सोडून उड्या मारायच्या नाहीत.

५. कॉलम आणि रिंग यांत माल दीड फुटाच्या थराने भरा. वरचा थर बसवताना नीडल खालच्या थरात चार-सहा इंच जाऊ द्या, म्हणजे दोन्ही थर एकजीव होतात. पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून माल टाकू नका, खडी वेगळी होते.

६. नीडल सेंट्रिंगच्या फळीपासून चार बोटे लांब ठेवा. सळईला मुद्दाम टेकवून धरू नका. खालच्या आवळू लागलेल्या काँक्रिटमधली तीच सळई हादरून सैल होते.

७. नीडलने माल सरकवू नका. ही चूक सर्वांत जास्त दिसते. ढीग एका जागी ओतायचा आणि नीडल लावून वाहवायचा. लापशी पुढे पळते आणि खडी मागे राहते. माल फावड्याने पसरा, नीडलने फक्त बसवा.

"एवढं करत बसलो तर दिवस मावळंल," असे मुकादम म्हणतो. हिशेब करून पाहू. २० बाय ३० फुटांच्या स्लॅबला १० इंचांच्या अंतराने ८६४ जागा होतात. प्रत्येक जागी ८ सेकंद धरले तर ११५ मिनिटे, म्हणजे दोन तासांच्याही आत. माल यायला दिवस जातो, बसवायला नाही. तेव्हा वेळ नाही ही सबब खरी नाही.

पाणी वाढवून माल बसत नाही

आपल्याकडे नदीच्या वाळूऐवजी हल्ली क्रशरची वाळू बरीच येते. ती खरखरीत असते, तिचा माल घट्ट वाटतो. मग बिगारी म्हणतो, पाणी सोडा. पाणी सोडले की माल घरंगळतो, सगळ्यांना सोपे जाते. पण ते जादा पाणी पुढे सुकून जाते आणि आपल्या मागे बारीक छिद्रे ठेवते. ५० किलोच्या गोणीला वाळूतले पाणी धरून २५ ते २८ लिटर पाणी पुरते. घट्ट माल सैल करायचे काम पाण्याचे नाही, नीडलचे आहे. उलट पाणचट मालात नीडल फार वेळ धरली तर खडी तळाला जाते आणि वर नुसती लापशी राहते. बादलीवर खूण करा आणि ती बादली घरच्या माणसाच्या हाती द्या.

विहिरीच्या कामाची धास्ती धरा

आता जिवाची गोष्ट. लिंबागणेश, मांजरसुंबा हा बालाघाटाचा माथा. वरचा मुरूम ढासळतो म्हणून विहिरीला वरून काँक्रिटची रिंग बांधावी लागते. तिथे काही जण शाफ्ट पुरत नाही म्हणून पेट्रोलचे इंजिनच दोराने विहिरीत सोडतात. असे कधीही करू नका.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. विहिरीत वारा खेळत नाही, त्यामुळे तो साठतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मळमळते, पाय लटपटतात, आणि वर यायचे बळ उरत नाही. कंदील खाली सोडून पाहायची जुनी रीत इथे कामाची नाही. हवेतला प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, पण हा वायू जीव घेण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो.

म्हणून विहिरीत विजेच्या मोटरची किंवा लांब शाफ्टची नीडल वापरा. इंजिन असेलच तर ते काठापासून चांगले लांब आणि धूर विहिरीकडे येणार नाही अशा वाऱ्याच्या बाजूला ठेवा. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला हवा आणि वर दोन माणसे कायम हवीत. खालचा माणूस ओ देईना झाला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी एकाच घरातली माणसे जातात. इंजिन बंद करा, दोराने वर ओढा, ११२ किंवा १०८ ला फोन लावा.

वीज, हात आणि पाय

ओले काँक्रिट, उघडे पाय आणि जोड दिलेली वायर, या तिघांची गाठ पडू देऊ नका. मोटरला अर्थिंग हवेच. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच मीटरपाशी बसवून घ्या, तो पुढे घरालाही उपयोगी पडतो. वायर अखंड हवी, जोड असेलच तर मालात लोळू नये. मोटर कोरड्या फळीवर ठेवा. तारेवर आकडा टाकून स्लॅब घालणे म्हणजे दहा जणांचा जीव टांगणीला लावणे आहे. जागा बदलताना मोटर शाफ्टला धरून ओढू नका आणि चालू असताना उचलू नका. पेट्रोल भरायचे तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, बिडी विझवून.

धोतराचा सोगा, पदर, उपरणे यंत्राजवळ नको. नीडल धरणाऱ्याला रबरी हातमोजे आणि गमबूट द्या. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, ती लगेच कळत नाही, संध्याकाळी कळते. अंगाला माल लागला तर तेव्हाच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात उडाला तर चोळू नका, पाणी मारत दवाखाना गाठा. आणि एकच माणूस दिवसभर नीडलवर ठेवू नका. सततच्या हादऱ्यांनी बोटे बधिर, पांढरी पडतात, आणि हा विकार वर्षानुवर्षे वाढत जातो. अर्ध्या-पाऊण तासाने माणूस बदला. तो आपल्याच भागातला, बहुधा आपलाच ऊस तोडणारा माणूस आहे. त्याचे हात शाबूत राहिले पाहिजेत.

नंतरची काळजी

स्लॅब पडला म्हणजे काम संपले नाही. हल्ली बाजारात बहुतेक राखमिश्रित सिमेंट असते. त्याला निदान १० दिवस, जमल्यास १४ दिवस ओलावा हवा. मे महिन्यात आमच्याकडे प्यायला टँकर येतो, मग स्लॅबवर कुठून आणावे पाणी, हा प्रश्न खरा आहे. त्याला उपाय म्हणजे आधी पाण्याची सोय, मगच स्लॅबची तारीख. वाफे करून पाणी साठवा, वर जुनी बारदाने भिजवून अंथरा, कॉलमला बारदान गुंडाळा. पाणी कमी लागते आणि ओल टिकते.

सेंट्रिंग काढल्यावर पोळे दिसले तर गिलाव्याने झाकू देऊ नका. सैल भाग छिन्नीने घट्ट काँक्रिटपर्यंत काढा, धुऊन ओला करा आणि बारीक खडीच्या कसदार मालाने भरून घ्या. कॉलममध्ये किंवा बीममध्ये सळई उघडी दिसत असेल तर आधी अभियंत्याला दाखवा. हिशेब चुकता करण्यापूर्वी सेंट्रिंग काढून पाहायची अट ठेकेदाराशी बोलणीतच घाला.

लिंबागणेशच्या त्या सभासदाचा बीम आता दुरुस्त करून घ्यायचा आहे. बल्ल्या लावायच्या, सैल भाग फोडायचा, सळई घासायची. खर्च आहे आणि मनस्तापही आहे. निघताना ते म्हणाले, "माझं झालं ते झालं, बाकीच्यांना तरी सांगा." म्हणून हे सांगितले. ऊस आपण बेणे पारखून लावतो, काट्यावर वजन डोळ्यात तेल घालून पाहतो. तसाच एक दिवस स्लॅबवर उभे राहा. ठेकेदाराला राग आला तर येऊ द्या. घर त्याचे नाही, आपले आहे.